रांजणात हात घालण्याआधी: परग्रहावरच्या धोकादायक यंत्राची कथा लिहिण्याची माझी पद्धत

सत्तावीस वर्षं मी पुण्यातल्या एका रुग्णालयात कोबाल्टचं मशीन चालवलं. कॅन्सरच्या पेशंटला शेक देतात ना, ते. निवृत्त झाल्यावर अंतराळातल्या साहसकथा लिहायला लागले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चुकून बोलून गेले की मी स्पेस ऑपेरा लिहिते, तर पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, “वा! बालगंधर्वला प्रयोग कधी?” त्यांचं काही चुकलं नाही. १९४१ साली अमेरिकेत विल्सन टकर यांनी हा शब्द काढला तोच मुळी हिणवायला. रेडिओवरच्या रडक्या मालिकांना साबण कंपन्या पैसे पुरवायच्या, म्हणून त्या सोप ऑपेरा. त्याच चालीवर, पाट्या टाकून लिहिलेल्या रॉकेटकथा म्हणजे स्पेस ऑपेरा. पुढे त्या शिवीचंच बिरुद झालं. आरमारं, साम्राज्यं, बंडखोर, लांबलांबचे तारे, आणि कुठल्यातरी मेलेल्या ग्रहावर सापडलेलं कुणा अनोळखी जीवांचं यंत्र, असा सगळा मामला.

मी इथे सांगणार आहे ते मुख्यतः त्या यंत्राबद्दल. आरमार कुणालाही जमतं.

सुरुवात जुन्या बाजारातून करा. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो तो. शंभर रुपयांच्या आतली अशी एक वस्तू विकत घ्या, जिचा उपयोग तुम्हाला कळत नाही. विक्रेत्याला विचारू नका, मोबाईलवर फोटो काढून शोधू नका. घरी आणा आणि तीन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवा. मी एक पितळी डबी आणली होती. आत स्प्रिंग, बाहेरच्या कडेवर १ ते ६ आकडे आणि तळाला तिरकं भोक. आमचे हे म्हणाले, कुलूप आहे. स्वयंपाकाच्या मावशींनी ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाल्या, “मोडीत चांगले पैसे येतील, ताई.” मला स्वतःला ती औषध फवारायच्या पंपाचा तुकडा वाटली, कारण लहानपणी आमच्या मळ्यात तसा पंप होता. ती काय आहे ते अजून कळलेलं नाही. पण त्या तीन दिवसांत घरातलं कोण काय बोललं ते मी लिहून ठेवलं, आणि माझ्या पहिल्या कथेतलं पहिलं प्रकरण जवळजवळ तसंच्या तसं तिथून आलं.

नवख्या लेखकांच्या कथेत काय होतं? दार उघडतं, निळा उजेड पडतो आणि कॅप्टन म्हणतो, “हे तर प्राचीन शस्त्र आहे!” तुला कसं कळलं, बाबा? अनोळखी वस्तू जो तो आपल्या धंद्याच्या डोळ्यानं बघतो. म्हणून तुमच्या यानावर वेगवेगळ्या धंद्यांची चार-पाच माणसं ठेवा आणि प्रत्येकाला वेगळं चुकू द्या. माझ्या कथेतलं यान भंगार गोळा करणारं आहे, नाव ‘भीमथडी’. त्यावर पाच जण: कॅप्टन शिर्के मॅडम, चालक अन्वर, वेल्डर तुका, वायरिंग बघणाऱ्या सुलभाकाकू आणि स्वयंपाकघरातला पोरगा पिंट्या. त्यांना एका विझत आलेल्या ग्रहाजवळ कमरेएवढं उंच, काळं, गोलसर असं काहीतरी मिळतं.

“काकू, याला झाकण कुठं दिसत नाही.”

“मग हात घालू नकोस, तुका. आधी मला सांग, खोली उबदार असताना हे एवढं गार का?”

पिंट्या त्याला ‘रांजण’ म्हणतो आणि पुढे सगळेच म्हणतात. हेही लक्षात ठेवा. शास्त्रज्ञ यंत्राला क्रमांक देतात, त्याच्यासोबत राहणारी माणसं त्याला घरगुती नाव ठेवतात. आमच्या कोबाल्ट मशीनला आम्ही ‘म्हातारी’ म्हणायचो. “म्हातारी आज कुरकुरतेय” म्हटलं की कॉम्प्रेसरचा दाब उतरलाय हे सगळ्यांना कळायचं.

आता मुख्य काम. वहीत एका पानावर, कथेच्या बाहेर, त्या यंत्राचं खरं काम लिहून काढा. ज्यांनी ते बनवलं त्यांना ते कशासाठी हवं होतं? ‘नाश करायला’ हे उत्तर पहिल्या फटक्यात बाद करा. मी ज्या मशीनपाशी आयुष्य काढलं ते माणसं बरी करायला बनवलं होतं, आणि त्याच्या दारावर तिहेरी बंदोबस्त होता.

माझा रांजण हे एक पांघरूण आहे. त्याच्या मालकांच्या ग्रहावर तीनशे वर्षांचा हिवाळा असे. अंधार पडला की रांजण जागा होई आणि आसपासच्या जिवांना गाढ झोपवी, म्हणजे भूक नको, थंडी नको. त्यांचं शरीर त्याला सरावलेलं होतं. माणसाचं हृदय मात्र त्या झोपेत थांबतं. रांजणाला माणूस माहीतच नाही. अंधार झाला, लेकरं गारठतील, एवढंच त्याला कळतं. हे पान लिहून झालं आणि मला खलनायक शोधत बसावं लागलं नाही.

त्यानंतर तीन आकडे ठरवायचे. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात तीन शब्द शिकवतात: वेळ, अंतर, आडोसा. जितका कमी वेळ थांबाल तितकी अंगावर पडणाऱ्या किरणांची मात्रा कमी. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई, तिप्पट केलं की नववा हिस्सा. आणि मध्ये शिसं, काँक्रीट, जे लागेल ते. मला विचाराल तर संकटाचा कुठलाही प्रसंग याच तीन गोष्टींतून उभा राहतो. तुमच्या यंत्राजवळ माणूस किती वेळ टिकतो? किती लांब गेलं की सुटतो? कशाच्या मागे लपता येतं? हे तीन आकडे ठरवा आणि मग जीव गेला तरी बदलू नका. वाचकाला ते लवकर, साध्या संभाषणात सांगून टाका. पुढे पात्र खोलीत शिरलं की वाचक स्वतःच घड्याळ लावून बसतो.

रांजणाचे आकडे असे: २० मिनिटं, ४० मीटर आणि पाणी. पाणीच का, तर त्या जिवांची पिल्लं पाण्यात वाढत आणि पिल्लांना झोपवायचं नसे. आडोशालाही असं कारण द्या, नाहीतर तो लेखकानं सोयीनं आणून ठेवलेला वाटतो. आता गणित बघा. आपलं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतं आणि त्यातली साधारण ३५ मिनिटं सावलीत असतं. भीमथडीही तशाच एका ग्रहाभोवती फिरतेय. म्हणजे दर फेरीला ३५ मिनिटांचा अंधार आणि माणूस टिकणार २० मिनिटं. यान जेमतेम तीस मीटर लांब. पाण्याच्या टाकीत मावतात तीन माणसं, यानावर आहेत पाच. कथानक सुचत नाही म्हणणाऱ्यांनी एवढंच मांडून बघावं. मला पुढचं सुचवावं लागलं नाही, फक्त कोण टाकीत उतरणार नाही हे ठरवायला पंधरा दिवस लागले.

इथे थोडी थांबते, कारण धोक्याचा प्रसंग लिहिताना बहुतेकांचं जे बिघडतं ते मला एका दुपारी शिकायला मिळालं.

कोबाल्टच्या मशीनमध्ये किरणोत्सर्गी कोबाल्टची दोन सेंटिमीटर रुंदीची एक डबी असते. एरवी ती जाड कवचात बंद. उपचाराच्या वेळी हवेच्या दाबानं ती पुढे सरकते, वेळ संपली की मागे जाते. आम्ही बाहेर, जाड भिंतीआड, पडद्यावर बघत. त्या दिवशी वेळ संपली आणि डबी मागे गेलीच नाही. दारावरचा दिवा लालच. आत सासवडकडचे एक आजोबा टेबलावर झोपलेले. अशा वेळी काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलं असतं आणि आम्ही दर काही महिन्यांनी त्याची तालीम करत असू: लाल बटण दाबा, आत जा, झोताच्या वाटेत येऊ नका, पेशंटला बाहेर काढा, दार लावा. मी गेले. टेबल बाजूला ओढलं, म्हटलं, “आजोबा, उठा, चला बाहेर.” आजोबा उठले, दोन पावलं आले आणि वळून म्हणाले, “माझ्या चपला?”

चपला मशीनच्या पलीकडे होत्या.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं आणि दार लावलं. मग आमच्या सरांनी लांब दांडा घालून डबी मागे ढकलली. छातीवरचा, मात्रा मोजणारा बिल्ला तपासणीला गेला, आकडा मर्यादेच्या पुष्कळ आत आला. आजोबांनाही काही झालं नाही, संध्याकाळी त्यांनी चपला मागून घेतल्या. पण ते चार सेकंद माझ्या अजून लक्षात आहेत. आणि मला सांगा, त्या खोलीत भीतीदायक काय होतं? आवाज नाही, वास नाही, उजेड नाही, ऊब नाही. ट्यूबलाइट, पांढरी चादर आणि एक लाल दिवा.

म्हणून किंकाळ्या, ठिणग्या, थरथरणाऱ्या भिंती कमी करा. तुमचं यंत्र जितकं गप्प, तितका वाचक अस्वस्थ. आणि संकटात पात्रांना चपला आठवू द्या. गॅस बंद केला का, डबा कुठे राहिला, पोराला फोन करायचा होता. माझ्या कथेत सावली सुरू झाल्यावर अन्वर टाकीकडे पळता पळता मागे वळतो, कारण कढई गॅसवर राहिलीय. अंतराळयानावर गॅसची शेगडी कशी, असं एका वाचकानं कळवलं. बरोबर होतं. पुढच्या खर्ड्यात विजेची शेगडी केली, कढई ठेवली.

धोका पसरतो कसा, हे शिकायला ब्राझीलमधल्या गोयानिया शहराची हकिगत वाचा. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या एका सोडून दिलेल्या उपचार केंद्रातून दोघांनी आमच्यासारख्याच एका मशीनचं डोकं भंगार म्हणून नेलं. आत सीझियमची किरणोत्सर्गी पूड होती. भंगारवाल्यानं रात्री पाहिलं तर त्यातून निळा उजेड येतोय. त्याला वाटलं, काहीतरी मौल्यवान, कदाचित दैवी. शेजारीपाजारी बोलावले, चिमूटचिमूट वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीनं ती अंगाला लावली. चार माणसं दगावली, २४९ जणांना ती बाधा झालेली आढळली, आणि लाखाच्या वर लोकांना तपासावं लागलं. आजार त्या वस्तूमुळे येतोय हे ओळखलं कुणी? भंगारवाल्याच्या बायकोनं. ती ते पिशवीत भरून बसनं आरोग्य कार्यालयात घेऊन गेली. दगावलेल्या चौघांत तीही होती. आपल्याकडे दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली कोबाल्ट असंच भंगारात आलं आणि एक कामगार गेला.

यातून कथेसाठी दोन गोष्टी घ्या. एक, यंत्र माणसांत शिरतं ते लोभानं कमी, कौतुकानं जास्त. कुणीतरी ते आपल्या माणसाला दाखवायला नेतं. पिंट्या रांजणाचा एक टवका बहिणीला द्यायला खिशात ठेवतो, आणि भीमथडी बंदराला लागते तेव्हा गोष्ट खऱ्या अर्थानं वेग घेते. दुसरी, कोडं सोडवणारा सेनापती नको. ज्याला कुणी विचारत नाही आणि जो रोज त्या वस्तूशेजारून झाडू मारत जातो, त्याला सोडवू द्या.

यंत्राला वयही द्या. कोबाल्ट दर महिन्याला साधारण एक टक्क्यानं मंदावतं, सव्वापाच वर्षांत निम्मं होतं. त्यामुळे नव्या डबीवर एका मिनिटात होणारा उपचार पाच वर्षांनी दोन मिनिटं घ्यायचा. पेशंट म्हणायचे, “मॅडम, पूर्वी लवकर व्हायचं.” हजारो वर्षं पडून असलेलं यंत्र नव्यासारखं कसं चालेल? त्याचं काय झिजलं, काय अडकलं? रांजणाचा अंधार ओळखणारा भाग जुना झालाय, म्हणून ग्रहाच्या अर्ध्या तासाच्या सावलीला तो तीनशे वर्षांचा हिवाळा समजतो. सगळा घोळ या एका बिघाडाचा आहे.

दुसऱ्या बाजूनं विचार करायचा सराव म्हणून व्हॉयेजर घ्या. १९७७ साली अमेरिकेनं अंतराळात सोडलेल्या त्या दोन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, मराठीही आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तबकडी कशी वाजवायची ते वेष्टनावर चित्रांनी कोरलंय. आणि त्याच यानावर वीज पुरवायला प्लुटोनियम ठेवलंय. समजा ते उद्याच कुणा परक्याच्या हाती लागलं. त्यानं तबकडीऐवजी आधी नेमका तोच भाग उघडला तर त्याच्या दृष्टीनं परग्रहावरचं धोकादायक यंत्र कुणाचं? पाचशे शब्दांत हा प्रसंग त्या परक्याच्या बाजूनं लिहा. मी वर्षातून एकदा लिहिते, दर वेळी तो परका वेगळ्या कारणानं तो डबा उघडतो.

अंतरं. इथे मराठी कथा फार लवकर घसरतात. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जातं, म्हणजे पुणे ते मुंबई नऊ सेकंदांत, आणि या वेगानं सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. तेव्हा प्रकाशापेक्षा जास्त वेगाची थाप मारावीच लागते. मारा. माझा हिशोब असा की एका कथेला दोन थापा माफ: एक वेगाची, एक यंत्राची. तिसरी मारली की वाचक पान उलटतो. पण निरोपांना उशीर होऊ द्या. नुसत्या मंगळापर्यंत निरोप जायला ग्रहांच्या जागेप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात. शिर्के मॅडम मदत मागतात आणि उत्तर येतं तेव्हा यान दुसऱ्यांदा सावलीत शिरलेलं असतं. या उशिरासारखं फुकटचं भांडवल दुसरं नाही.

भव्यता डोळ्यांत भरून घ्यायची असेल तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, नारायणगावजवळ खोडदला जा. तिथल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्यात, त्यांतल्या १४ एका जागी दाटीवाटीनं. द्राक्षबागांतून, उसातून रस्ता वळतो आणि समोर तारांचं हे प्रचंड जाळं आभाळाकडे तोंड करून उभं. कडेला म्हशी. परग्रहावरच्या अवशेषांचं वर्णन मी तिथे बसून लिहिलं, आणि म्हशी काढल्या नाहीत, फक्त त्यांना सहा पाय दिले.

भाषेचं म्हणाल तर शब्द घडवत बसू नका. ‘प्रकाशगतिलंघनप्रणाली’ असं वेल्डर बोलत नाही. ‘लांबची उडी’ म्हणेल. “उडीला किती वेळ आहे, अन्वरभाई?” हे पुरतं. यानावर नाती असू द्या, काकू, भाई, मॅडम, आणि कोण कुणाला अहोजाहो करतं ते शेवटपर्यंत सांभाळा. तुका पूर्ण कथेत काकूंना ‘तुम्ही’ म्हणतो. टाकीच्या तोंडाशी, काकू बाहेर थांबायचं ठरवतात तेव्हा, तो एकदाच “तू उतर आधी” म्हणतो. मी त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही.

साम्राज्य, आरमार, गादीसाठी भांडणारे भाऊ, हे सगळं येऊ द्या, पण त्यांना रांजण हवा असण्याचं कारण एका वाक्यात मावलं पाहिजे. माझ्याकडे: शत्रूचं आरमार ग्रहाच्या सावलीत गाठायचं आणि झोपवायचं. झालं.

आणि मोठा विनाश दाखवायची वेळ आली तर स्फोटाच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टी लिहा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. माझी आई तेव्हा पेठेत राहायची. तिनं आम्हाला पाण्याचा लोंढा कधी सांगितला नाही. भिंतीवर पाणी चढलं त्याची रेघ आणि चिखलातून धुऊन काढलेलं पितळेचं पातेलं एवढंच सांगायची. माझ्या कथेत झोपलेलं बंदर वाचकाला दिसतं ते दोन दिवसांनी, उपाहारगृहातल्या टेबलांवर साय धरलेल्या चहातून.

नावाची लाज वाटत असेल तर टोपणनाव घ्या. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावानं कथा पाठवली होती आणि पहिलं बक्षीस मिळवलं होतं. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी लावली होती. दिवाळी अंकाला द्यायची असेल तर उन्हाळ्यातच लिहून संपवा, तीन हजार शब्दांत बसवा आणि पाठवण्याआधी अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला अंतराळात काडीचा रस नाही. मी मावशींना वाचून दाखवते. त्या कणीक मळता मळता ऐकतात. रांजणाची गोष्ट संपली तेव्हा त्यांनी हात थांबवून विचारलं, “पण ताई, त्या पोराच्या बहिणीकडं गेलेला टवका?”

मी तो विसरले होते. दुसरा भाग लिहितेय.